देवचंद आगवाल्याची भट्टी

देवचंद सुरवाडे भुसावळच्या लोको शेडमध्ये लागला तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं, आणि सुटला तेव्हा डोक्यावर काळा केस औषधालाही उरला नव्हता. मधलं सगळं आयुष्य त्यानं आगीसमोर काढलं. आधी इंजिनं पुसली, मग राख ओढली, मग फायरमन झाला. शेडमधली जुनी माणसं फायरमनला आगवाला म्हणत, आणि देवचंदला ते नाव जास्त आवडे. सुरत लायनीवर भरलेली मालगाडी चढाला लागली तरी ड्रायव्हर मागे वळून बघायचा नाही. देवचंद आहे म्हणजे वाफ कमी पडणार नाही, हे त्याला ठाऊक असायचं. कोळसा थोडा थोडा टाकायचा, पातळ पसरायचा आणि ज्वाळेचा रंग बघत राहायचा, एवढीच त्याची विद्या. पण ती त्याच्या हाडीमाशी भिनलेली होती.

पुढे वाफेची इंजिनं गेली. शेवटची वर्षं त्याला इकडेतिकडे कुठेतरी चिकटवून ठेवलं, आणि मग पेन्शनीत काढलं. जळगावला मेहरूणच्या बाजूला नव्या कॉलनीत त्यानं प्लॉट घेऊन ठेवला होता. तिथं दोन खोल्या बांधून तो आणि बायको द्रौपदाबाई राहायला आले. मुलगा नाशिकला नोकरीला होता, मुलगी वरणगावला दिलेली. उदय कॉलनीत सगळे मास्तर, कारकून, बँकेतले लोक. बौद्धांचं घर यांचं एकच. कोणी कधी वाकडं बोललं नाही. संक्रांतीला तिळगूळ यायचा, दिवाळीला फराळाचं ताट यायचं. फक्त ते ताट सगळ्या घरी फिरून झाल्यावर यायचं, आणि द्रौपदाबाईच्या ते लक्षात यायचं.

कॉलनीला दुःख होतं एकच, कचऱ्याचं. नगरपालिकेचा ट्रॅक्टर मुख्य रस्त्यावरूनच मागे फिरायचा. मधल्या मोकळ्या जागेत कचऱ्याचा ढीग झाला होता. केळीची सालं, खरकटं, कागद, फाटक्या चपला, सगळं त्यात. डुकरं लोळायची, आणि चैत्राचा वारा सुटला की ते सगळं उडून लोकांच्या ओसरीत यायचं. कॉलनीचे अध्यक्ष तोताराम नाना साक्रीकडचे, जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. त्यांनी आपल्या अंगणात मीटिंग बोलावली. अर्ज झालेत, निवेदनं झालीत, आता काय करायचं, यावर बराच वेळ चर्वितचर्वण झालं.

देवचंद कडेच्या खुर्चीवर बसला होता. कॉलनीच्या मीटिंगमध्ये तो आजवर कधी बोलला नव्हता. त्या दिवशी मात्र तो उभा राहिला आणि म्हणाला, "जाळून टाकू. पण उघड्यावर नाही. भट्टी बांधू. आगीचं काम माझ्याकडे."

लोक वळून त्याच्याकडे बघायला लागले. त्यानं खडू मागून घेतला आणि नानांच्या फरशीवरच चित्र काढलं. खाली राखेचं तोंड, तिथूनच हवा आत शिरेल. त्याच्यावर लोखंडी सळ्यांची जाळी, थोडी उतरती, म्हणजे कचरा आपोआप पुढे सरकेल. वर कचरा टाकायला झाकणाचं दार. मागच्या बाजूला धुराडं. "इंजिनाच्या पोटात असते तशीच," तो म्हणाला. सगळे वाकून बघत होते. बँकेतल्या एका साहेबांनी दोनदा प्रश्न विचारला आणि दोनदा मान डोलावली. नाना खुशीत आले की त्यांची साक्रीकडची बोली तोंडावर यायची. ते म्हणाले, "देवचंदभाऊ, हाई तुमनंच काम शे!"

देवचंद घरी आला तो तरंगतच. द्रौपदाबाईनं सगळं ऐकून घेतलं, आणि मग म्हणाली, "तुम्ही कचऱ्याले हात नका लावू."

"चांगलं काम हाये."

"चांगलंच हाये. दुसऱ्यानं केलं तर लोक समाजसेवा म्हनतीन. तुम्ही केलं तर..." पुढचं तिनं सांगितलं नाही.

सांगायची गरजही नव्हती. तिचा बाप यावलकडच्या एका खेड्यात मेलेली ढोरं ओढायचा. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा त्यानं ते काम टाकलं, आणि त्या वर्षी गावानं त्यांना मजुरीला बोलावलं नाही. घरात उपास पडले, पण बापानं दोर पुन्हा हातात घेतला नाही. द्रौपदाबाई तेव्हा परकरी पोर होती.

"मी काय कचरा उचलनार हाये?" देवचंद म्हणाला. "मी फक्त आग पाहीन."

"लोकाइले फरक समजीन का?"

देवचंद हसला. माझ्या आगीची किंमत हिला कळत नाही, असं त्याला वाटलं.

भट्टी त्यानं स्वतःच्या हातानं उभी केली. कोणाच्या घरी उरलेल्या विटा होत्या, कोणाकडे सळ्यांचे तुकडे. डांबराची रिकामी पिंपं एकावर एक बसवून धुराडं केलं. एक गोष्ट त्याला तेव्हाही टोचत होती. इंजिनात वाफेचा झोत धुराड्यातून सुटतो, तोच आगीला खेचतो. इथं वाफ नव्हती, खेचायला काय ती धुराड्याची उंची, आणि पिंपं तर दोनच मिळाली होती. पण वाळका कागद आणि पालापाचोळा टाकून पाहिला तर भट्टी झकास पेटली. नारळ फुटला, पेढे वाटले. सकाळची वेळ, वारा पडलेला, धूर काठीसारखा सरळ वर गेला. देवचंद हातात कोळसा टाकायचं फावडं, त्याचा जुना बेलचा, घेऊन उभा होता आणि लोक त्याच्याकडे पाहत होते. इतकं कौतुक त्याच्या वाट्याला शेडमध्येसुद्धा आलं नव्हतं.

सुरुवातीला घरोघरची माणसं स्वतः कचरा घेऊन यायची, वरच्या दारातून टाकायची, दोन शब्द बोलायची. मग भट्टीपाशी ठेवून जायला लागली. मग भट्टीपर्यंत जाणंही जड झालं, आणि एक दिवस देवचंदच्या फाटकाशी कचऱ्याच्या पाट्या येऊन बसल्या. त्यानं त्या मुकाट्यानं उचलल्या. दुसऱ्या दिवशी आणखी आल्या. 'मी फक्त आग पाहीन' हे वाक्य कधी विरलं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

अशातच एका सकाळी तो दोन्ही हातांत पाट्या घेऊन चालला होता. कोपऱ्यावरच्या घरात नवे भाडेकरू आले होते. त्यांच्यातली बाई जिन्यावरून ओरडली, "ओ कचरेवाले! आमच्याकडचा राहिला ना!"

बिचारीला काही ठाऊक नव्हतं. पण समोर मास्तर दात घासत उभे होते, शेजारी बँकेतले साहेब स्कूटर पुसत होते, आणि तोताराम नाना पेपर वाचत ओसरीवर बसले होते. तिघांना ऐकू गेलं. एकानंही म्हटलं नाही, की बाई, हे रेल्वेतले देवचंदभाऊ आहेत. मास्तरांनी चूळ भरली. नानांनी पेपरचं पान उलटलं. देवचंदनं जिन्यापाशी जाऊन तिचीही पाटी घेतली. मागे वळला तर आपल्या फाटकात द्रौपदाबाई उभी. ती तशीच आत निघून गेली.

त्या दिवशी एखाद्यानं भट्टीला कुलूप घातलं असतं. देवचंदनं तसं केलं नाही. आपणच बांधली, आपणच सोडली, असं लोक म्हणतील, याचीही त्याला लाज होती. त्यानं दुसरीच वाट काढली. सकाळी सगळे दारात असतात, म्हणून त्यानं सकाळचं जाळणं बंद केलं. वैशाखात भर दुपारी कॉलनीत कुत्रंही फिरकत नाही, दारं-खिडक्या लावून माणसं निजलेली असतात. तेव्हा पाट्या न्यायच्या, सगळं एकदम कोंबायचं, पेटवायचं आणि भट्टीच्या आडोशाला सावलीत बसून राहायचं. कोणाची नजर नको.

पण दुपारची गोष्ट वेगळी. वैशाखातला पश्चिमेचा वारा सकाळभर निजलेला असतो आणि ऊन डोक्यावर आलं की उठतो. कॉलनीच्या पूर्वेला नाला होता, आणि नाल्यापलीकडे जुन्या वस्तीतली घरं. देवचंद बसायचा तो नाल्याकडे पाठ आणि भट्टीकडे तोंड करून.

नाल्यापलीकडे पहिलंच घर बेबाबाईचं. बेबाबाई रावेरकडची, नवरा गेल्यावर जळगावला येऊन राहिलेली. उन्हाळ्यात ती ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, करून विकायची. तिच्या हातचे बिबडे अर्ध्या शहरात जायचे. ज्वारी भिजवायची, सडायची, भरडायची, आंबवायची, मग तीळ, लसूण, मिरची घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची, आणि ओल्या फडक्यावर थापून खाटांवर, धोतरांवर वाळत टाकायचे. दिवसच्या दिवस जातात त्यात. आणि एकदा टाकले की मग माणसाच्या हाती काही राहत नाही, सगळं उन्हाच्या हाती.

अशाच एका दुपारी देवचंदनं भट्टी गळ्यापर्यंत भरली होती. केळीचे ओले दांडे, आंब्याच्या साली, वर कोणीतरी टाकलेले सायकलचे जुने टायर. ज्वाळा पिवळी झाली, मग तांबडी. हवा कमी पडते आहे, हे त्याला दिसलं. शेडमध्ये असता तर त्यानं आग उपसून काढली असती. इथं त्यानं खालचं तोंड सळईनं थोडं मोकळं केलं आणि सावलीत जाऊन बसला. लवकर जळून जावं, आणि कोणी उठायच्या आत घरी जावं, एवढंच त्याच्या मनात होतं. बुटक्या धुराड्यातून धूर निघाला तो वर चढलाच नाही. वाऱ्यानं त्याला मुंडी धरून खाली दाबलं आणि नाल्यावरून पलीकडे लोटत नेलं.

थोड्या वेळानं पावलं वाजली. बेबाबाई होती. डोक्यावरचा पदर सरकलेला, पाय अनवाणी, आणि तळहातावर एक ओला बिबडा. त्यावर तिळासारखे काळे ठिपके होते, पण ते तीळ नव्हते. बोट लावलं की पसरत होते.

"भाऊ, हे काय जळू राह्यलं इथं?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. अजून काय झालंय हे नीट न कळलेल्या माणसाचा आवाज होता तो. "बठ्ठ्या, एकूणएक खाटा काळ्या झाल्या. हे कोनाचं काम हाये?"

देवचंदच्या हातात बेलचा होता. अंगावर राख होती. दुसरं माणूस तिथं कोणी नव्हतं. आणि तो म्हणाला, "सोसायटीची भट्टी आहे. तुम्ही अध्यक्षांना विचारा. तोताराम नाना, ते पलीकडचं घर."

बेबाबाईनं त्याच्याकडे पाहिलं, बेलच्याकडे पाहिलं, आणि तो बिबडा तसाच हातावर घेऊन नानांच्या घराकडे गेली. देवचंदला भट्टीच्या आडून सगळं ऐकू येत होतं. नाना झोपेतून उठून आले. "बाई, आम्हाला त्यातलं काय कळतं?" ते म्हणाले. "भट्टी देवचंदभाऊंची. त्यांनाच विचारा."

ती पुन्हा आली नाही. तशीच नाला उतरून घरी गेली. रिकाम्या रस्त्यावरून जाणारी तिची पाठ देवचंदला दिसत राहिली.

आग विझवून तो घरी आला. हातपाय धुतले, पुन्हा धुतले. पाटावर बसला आणि ताट बाजूला सारलं. शेवटी बायकोला सांगितलं. बिबड्यांचं सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं. आपण काय बोललो, ते तेवढं सांगितलं नाही.

द्रौपदाबाईनं त्याचं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "सकाळी मी जाते. हात लावते तिले. दोघी मिळून पुन्हा टाकू."

आणि देवचंदला बरं वाटलं. आपल्याला त्या अंगणात जावं लागणार नाही, म्हणून बरं वाटलं. पुढे आयुष्यभर त्याला त्या बिबड्यांपेक्षा या बरं वाटण्याचीच लाज जास्त वाटत राहिली.

सकाळी द्रौपदाबाई धुतलेलं लुगडं नेसून, बिबडे थापायला घरातला पाट बगलेत मारून गेली. ऊन तापायच्या आत परत आली. पाट भिंतीला लावला आणि माठातलं पाणी घेऊन प्यायली.

"काय झालं?"

"काही नही. बसा म्हनाली, चहा दिला. चांगली बाई हाये." मग म्हणाली, "उरलेल्या पिठात हात घालू लागले तं हात धरला माझा. म्हने, बाई, माझ्या मनात काही नही, पन गिऱ्हाईक विचारते, कोनाच्या हातचे हायेत. मी खोटं कशी बोलू?"

देवचंदनं भिंतीला लावलेल्या पाटाकडे पाहिलं.

"वाटेनं इचार करत आले, राग कोनावर काढू," ती म्हणाली. "तिच्यावर निघेना. तिचं तं पोट हाये त्याच्यावर. आन तिनं मले अजून एक सांगतलं. तिनं इचारलं तव्हा तुम्ही नानाचं घर दाखवलं. हातात बेलचा धरून." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "चूक तुमची. जायले तुम्ही पाहिजे होतं. तुम्ही मले जाऊ दिलं. माझ्या बापानं दोर टाकला तो काय याच्यासाठी?"

ती आत गेली. देवचंद ओसरीवर बसला. बसल्या बसल्या त्याला धरणगावच्या अलीकडचं एक फाटक आठवलं. तिथं गाडी थांबून सुटली की तो भरपूर कोळसा टाकायचा आणि धुराचा लोट उठायचा. फाटकाशेजारच्या कुंपणावर एक बाई धुतलेल्या गोधड्या वाळत घालायची. ती दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडायची. इंजिनाच्या आवाजात ते कधी ऐकू आलं नाही. ड्रायव्हर आणि तो हसायचे. गाडी पुढे निघून जायची. एवढ्या वर्षांत आपला धूर कुठं जाऊन पडतो, हे बघायला तो कधी मागे थांबलाच नव्हता. इंजिन थांबत नाही म्हणून त्यानंही थांबून पाहिलं नव्हतं. आता इंजिन नव्हतं. भट्टी एका जागी उभी होती, आणि तोही.

भर उन्हात, कॉलनीच्या मधल्या रस्त्यानं, तो नाल्यापलीकडे गेला. बेबाबाईच्या अंगणात काळे झालेले बिबडे घमेल्यात भरून ठेवले होते. गाय त्यातले खात होती, आणि तीही निवडून निवडून खात होती.

"अक्का," देवचंद दारातून म्हणाला, "काल मी तुमच्याशी खोटं बोललो. भट्टी मी बांधली. आग मी लावली. तेव्हा तिथं मीच होतो." मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "वारं फिरलं म्हणून..."

बेबाबाई ज्वारी पाखडत होती. "वारं तं रोजच फिरते, भाऊ," ती म्हणाली. "दुपारचं."

तो उभाच राहिला. ती सूप थांबवेना, आणि तो जाईना. शेवटी तिनंच विचारलं, "आता काय करता उभे राहून?"

"सांगाल ते करतो."

तिनं भिजवून, सडून वाळवलेल्या ज्वारीच्या पोत्याकडे बोट दाखवलं. गिरणीवर न्यायचं होतं, भरडून आणायचं होतं. देवचंदनं पोतं सायकलवर टाकलं आणि निघाला. वाटेत त्याच्या मनात आलं, कोरड्या ज्वारीला आपला हात चालतो. पाणी पडलं की चालत नाही. आलं ते त्यानं मनातच ठेवलं. आज तक्रार करायचा हक्क आपल्याकडे नाही, असं त्याला वाटलं. बायकोचा होता, पण तो बजावायलाही त्यानं तिला जागा ठेवली नव्हती.

नवे बिबडे पडले तेव्हा तो राखणीला बसला. डोक्याला पंचा बांधून, हातात काठी घेऊन खाटांपाशी बसायचा, कावळे हाकलायचा, शेळ्या हुसकायचा. नाल्याच्या अलीकडून कॉलनीतले लोक त्याच्याकडे बघायचे. मास्तर एकदा थांबून म्हणाले, "काय देवचंदभाऊ, हे काय नवीन?" देवचंद म्हणाला, "माझ्यामुळं काळे झाले होते." मास्तर हं हं करून निघून गेले. ते बोलताना देवचंदच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण बोलला तो. बिबडे वाळेपर्यंत ज्यानं ज्यानं विचारलं, त्याला त्यानं हेच सांगितलं. दर वेळी पाळ्या तापत होत्या. सवयीनं काही कमी झालं नाही.

तिथं बसून त्यानं वारा पाहिला. सकाळी कसा पडून असतो, किती ऊन चढल्यावर नाल्यातलं वाळकं गवत आधी हलतं, मग लिंबाची वरची फांदी, मग खाटेवरच्या धोतराची कड.

बिबडे डब्यात गेल्यावर त्यानं भट्टी जाळीसकट उतरवली. जागा बदलली, नाल्यापासून लांब, कॉलनीच्या दुसऱ्या टोकाला नेली. ओल्या कचऱ्याला वेगळा खड्डा केला, म्हणजे तो आगीत येणारच नाही. जाळीच्या वर कचरा सुकायला एक कप्पा ठेवला, बाजूच्या भिंतींना हवेची भोकं ठेवली. आणि धुराडं इतकं उंच नेलं की त्याला तारांनी ताण द्यावा लागला. टायर आणि रबर टाकायचं नाही, म्हणून दारावरच रंगानं लिहिलं. पण पेटवायच्या आधी तो द्रौपदाबाईला म्हणाला, "एकदा पाहून घे."

ती आली. भोवती फिरली, वाकून खालचं तोंड पाहिलं. म्हणाली, "चांगली हाये. आता आग कोन लावीन?"

"मी..."

"पाळी लावा. घरागनिक. नही तं मी उद्या नाशिकले पोराकडे जाते."

त्याच संध्याकाळी नानांच्या अंगणात मीटिंग झाली. देवचंदनं पाळीचं सांगितलं तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नाना म्हणाले, "अहो, पण तुम्हाला त्यातलं कळतं ना. आम्हाला काय जमणार?"

"शिकवतो. अवघड नाही."

"आमच्या घरी कोण करणार हे?" बँकेतले साहेब म्हणाले.

"आमच्या घरी जो करतो तो," देवचंद म्हणाला.

मास्तर नखं बघत होते. देवचंद उभाच राहिला. "त्या दिवशी मला कचरेवाले म्हणून हाक मारली," तो म्हणाला. "त्या बाईंना माहीत नव्हतं, त्यांचा दोष नाही. पण तुम्हाला माहीत होतं." एवढं बोलून त्याचं त्यालाच अवघडल्यासारखं झालं, आणि तो खाली बसला.

पाळी लागली. पहिली पाळी नानांनी स्वतः घेतली, डोक्याला टापशी बांधून, खोकत खोकत. मास्तरही आले. बँकेतल्या साहेबांनी मजूर लावला. कोपऱ्यावरची भाडेकरू बाई, जिनं हाक मारली होती, ती मात्र न चुकता यायची आणि देवचंदशी बोलताना मान वर करायची नाही. दोन-तीन घरांनी पाळी टाळली, तेव्हा कचरा तिथंच पडून राहिला. देवचंदला तो पडलेला दिसायचा. हात शिवशिवायचे. उचलून टाकणं किती सोपं होतं! पण द्रौपदाबाईकडे बघून तो बसून राहायचा, आणि कॉलनी घाण झालेली बघण्याचीही त्याला लाज वाटायची.

पुढच्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर कॉलनीनं त्याचा सत्कार ठेवला. शाल, नारळ आणि नानांचं भाषण. "देवचंदभाऊंनी आपली कॉलनी आरशासारखी करी टाकी," नाना म्हणाले. देवचंदनं समोर नजर फिरवली. सगळी घरं आली होती. बेबाबाई नव्हती. ती नाल्यापलीकडची, तिला बोलावणार कोण? आणि बोलावून घ्या, हे आपल्यालाही सुचलं नाही, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

मग माईक त्याच्या हातात आला. "ही भट्टी दुसरी आहे," तो म्हणाला. "पहिली मी चुकीची बांधली होती. तिच्या धुरानं नाल्यापलीकडच्या बेबाबाईंचं नुकसान झालं. त्या विचारायला आल्या, तर मी खोटं बोललो. सत्कार त्यांचा..."

"वा! वा! काय हा मोठेपणा!" नाना मध्येच म्हणाले आणि टाळ्या वाजवायला लागले. त्यांचं पाहून सगळ्यांनी वाजवल्या. लाउडस्पीकर किंचाळला, कोणीतरी तो बंद केला, आणि मुलांना चिवडा-पेढे वाटायची घाई सुरू झाली. देवचंद शाल पांघरून तिथंच उभा राहिला. पाठीवर थापा पडत होत्या. त्याला वाटलं, अंगातला सदरा काढून दाखवला तरी हे लोक टाळ्याच वाजवतील.

घरी चालताना द्रौपदाबाई पुढे होती. फाटकाशी ती थांबली.

"बोलले तुम्ही," ती म्हणाली.

"कोनी ऐकलं नही."

"मी ऐकलं."

कडी काढून ती आत गेली. देवचंदनं शाल खांद्यावरून काढली, नीट घडी घातली, आणि ती कुठं ठेवावी हे न सुचून बराच वेळ हातात धरून ओसरीवर उभा राहिला.